नववी-दहावीच्या वर्गात जुनी कविता: अर्थ सांगण्याआधी काय करावं?

शाळामराठी (प्रश्न)

नववी-दहावीला संतकाव्य किंवा केशवसुतांच्या काळची कविता आली की वर्ग गप्प होतो. नेहमीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: कविता एकदा वाचायची, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, मग ओळीओळीचा सरळ अर्थ, मग स्वाध्याय. मुलं अर्थ उतरवून घेतात आणि कविता बाजूलाच राहते. रसग्रहणात तर सगळ्या वह्यांत एकच उत्तर सापडतं: ‘कवीने साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत संदेश दिला आहे.’

तास ३५ मिनिटांचा, वर्गात ५०-५५ मुलं, आणि एका कवितेला फार तर दोन-तीन तास. चाल लावून म्हणून घेणं, चित्र काढायला लावणं हे उपाय ठाऊक आहेत. त्याने तास हलका होतो, पण ओळ मनात राहत नाही. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ किंवा ‘तुतारी’ घेऊन कोणी नेमकं सांगेल का? सुरुवात कशाने करायची, कोणत्या कृतीला किती वेळ द्यायचा, आणि ती कुठे फसते?

ओवीवाचक

‘वृक्षवल्ली’बद्दल सांगतो. हा अभंग नववीच्या वयासाठी फार चांगला आहे, पण त्याची सुरुवात अर्थाने करू नये. आधी मोजणी, मग शब्द, अर्थ सगळ्यात शेवटी. मुलांना मोजता येतं, आणि मोजायला लागलं की त्यांचं ओळीकडे आपोआप लक्ष जातं.

पहिल्या तासाला पुस्तक बंद. मुलांना पाठ असलेली ओळ फळ्यावर लिहा: ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां’. चार तुकडे पाडा आणि अक्षरं मोजायला सांगा. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी यमक. मोठ्या अभंगाचा हा साचा पाच मिनिटांत मुलांच्या हाती येतो आणि तो तुम्ही सांगितलेला नसतो, त्यांनीच काढलेला असतो.

मोजणीत हमखास एक घोळ होतो. मुलं जोडाक्षराची दोन अक्षरं धरतात. त्यांना एकच नियम द्या: जितके स्वर तितकी अक्षरं. ‘वृक्षवल्ली’ म्हणजे वृ, क्ष, व, ल्ली. चारच. अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही. हे आधी सांगून ठेवलं नाही तर अर्धा वर्ग सात-आठवर अडकतो आणि उरलेला तास वाद मिटवण्यात जातो.

मग ही ओळ रिकामी जागा ठेवून लिहा:

आकाश मंडप ______ आसन। रमे तेथें मन क्रीडा करी।।

बाजूला चार शब्द: पृथ्वी, भूमी, पृथिवी, वसुंधरा. सगळ्यांचा अर्थ एक, पण साच्यात तीन अक्षरीच बसतो. उत्तर ‘पृथिवी’. आपण ज्याला ‘जुनं, अवघड रूप’ म्हणून पुढे जातो, ते तिथे का आहे हे मुलांना मोजून कळतं. एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल की ‘धरणी’ही बसतं. त्याला शाबासकी द्या आणि प्रश्न वर्गाकडे फिरवा: आकाशाच्या जोडीला कोणता शब्द चांगला वाटतो, आणि का? कवितेवरची पहिली खरी चर्चा इथे सुरू होते. ती पाच मिनिटं चालू द्या आणि निकाल लावू नका.

यानंतर पट्ट्या. अभंगाची कडवी सहा. त्यातली तीनच घ्या: ‘येणें सुखें रुचे’, ‘आकाश मंडप’ आणि ‘कंथा कमंडलु’. प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एका संचात १२ पट्ट्या; ए-फोर कागदाचा एक संच होतो. पाच-पाच मुलांचे गट करून पट्ट्या मिसळून द्या आणि कडवी जुळवायला सांगा. चार अक्षरांची पट्टी शेवटी जाणार, यमकाच्या दोन पट्ट्या शेजारी बसणार (आसन–मन, उपचारा–वारा), पहिला चरण मात्र अर्थावरूनच लावावा लागतो. म्हणजे अर्थ शोधायची गरज मुलांनाच पडते. याला १५ मिनिटं लागतात. सहाही कडव्यांच्या २४ पट्ट्या एकदम दिल्या तर अर्धे गट सोडून देतात, तो मोह टाळा.

अडचण येते ती ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास, नाहीं गुण दोष अंगा येत’ इथे. वास आणि दोष यांचं यमक सैल आहे, त्यामुळे गट तिथे थांबतात. ‘सगळी यमकं सारखी घट्ट नसतात’ एवढी सूचना आधीच फळ्यावर लिहून ठेवा.

मोजणीत साच्याबाहेर जाणाऱ्या जागाही आहेत. ‘सोयरीं वनचरें’ लिहिलेलं मोजलं तर सात अक्षरं भरतात. मोठ्याने म्हणायला सांगा. जीभ ‘वन्चरें’ म्हणते आणि सहा होतात. ‘हरिकथा भोजन परवडी विस्तार’ तर सात-सात आहे. मुलं विचारतील, तुकोबा चुकले का? सरळ उत्तर द्या: अभंग गाण्यासाठी आहे, गाताना अक्षर लांबतं आणि आखडतंही; शिवाय गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत पाठभेद आहेत. साचा पक्का असतो आणि कवी त्यात श्वास घेतो, हे समजायला हीच ओळ उत्तम.

दुसऱ्या तासाला अर्थ, पण ‘कवीला काय सांगायचं आहे’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर मुलं गाइडातूनच देतात. मोजून सांगता येतील असे प्रश्न विचारा. बोलणारा सोडून या कवितेत माणसं किती? (एकही नाही.) त्याच्याजवळ सामान काय? (गोधडी आणि कमंडलू.) वेळ कोण सांगतं? (वारा: ‘जाणवितो वारा अवसरु’.) जेवायला काय? (हरिकथा, आणि तीही नाना प्रकारची. इथे ‘परवडी’ म्हणजे प्रकार. मुलं तो शब्द परवडण्याशी जोडतात, म्हणून एवढा एक अर्थ तुम्ही आपणहून द्या.) ही यादी फळ्यावर आली की मग विचारा: इतकं सगळं सोडून हा माणूस सुखी का आहे? उत्तर दुसऱ्या कडव्यात आहे. एकांतात कुणी गुण देत नाही, कुणी दोष काढत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घरी, शाळेत, मोबाइलवर दिवसभर कुणी ना कुणी तोलत असतं. त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

शेवटचं कडवं मात्र निवांत घ्या. ‘तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणासी’. आधी संवाद, आणि लगेच पुढच्या चरणात वाद. इथे वहीत सहा-आठ ओळी लिहायला सांगा: स्वतःच्या मनातले दोन आवाज, आळीपाळीने. वेळ सात मिनिटं. हे लिखाण गोळा करू नका, वाचून दाखवायला लावू नका, गुण तर अजिबात देऊ नका. तपासणार म्हटलं की मुलं सुविचार लिहितात.

कवीची माहिती, सतरावं शतक, देहू, भंडारा डोंगर हे सगळं शेवटच्या तीन मिनिटांत. सुरुवातीला दिलं तर मुलं तेच उतरवून घेतात आणि कविता म्हणजे चरित्राची पुरवणी होते.

मात्रावृत्त

ओवीवाचक यांच्या ‘आधी मोजणी’ला पूर्ण अनुमोदन. ‘तुतारी’ला मात्र अक्षरं मोजून काही सापडत नाही, तिथे मात्रा मोजाव्या लागतात. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. पुढे जोडाक्षराचा आघात आला किंवा ठसठशीत अनुस्वार असला तर ऱ्हस्वाच्याही दोन.

एक तुतारी | द्या मज आणुनि
फुंकिन मी जी | स्वप्राणाने
भेदुनि टाकिन | सगळी गगनें
दीर्घ जिच्या त्या | किंकाळीने

प्रत्येक ओळ आठ अधिक आठ, अशा सोळा मात्रांची. म्हणून ही कविता आठ मात्रांच्या केरवा तालात अचूक बसते. बाक वाजवायची मुलांना तशीही हौस असते. तीच इथे कामाला लावा. अर्धा वर्ग आठचा ठेका धरील, अर्धा म्हणेल. ठेका सावकाश सुरू करा, दुसऱ्या फेरीला थोडा वाढवा. फार वाढवला तर ‘किंकाळीने’ची चारही दीर्घ अक्षरं चेंगरतात, आणि त्या ओळीचा जोर नेमका त्या लांबलेल्या स्वरांत आहे. तुतारीचा आवाज तिथे ऐकू येतो.

दोन जागांवर मुलं अडखळतात. ‘स्वप्राणाने’मध्ये ‘स्व’वर पुढच्या ‘प्रा’चा आघात येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. ‘जिच्या’मध्ये मात्र ‘जि’वर आघात येत नाही, तिथे एकच. नियम पाठ करून घेण्यापेक्षा दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावा, फरक जिभेला कळतो.

पुढे ‘जुनें जाउ द्या मरणालागुनि’ ही ओळ येते तेव्हा ‘जाउ’ ऱ्हस्वच लिहा. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे ‘जाऊ’ केलं की पहिल्या भागाच्या नऊ मात्रा होतात आणि ठेका तुटतो. हे मुद्दाम फळ्यावर चुकीचं लिहा आणि वर्गाला पकडू द्या. ज्या दिवशी मुलं कानाने चूक पकडतात, त्या दिवशी कविता त्यांची झाली.

आशयासाठी थोडा काळ सांगावाच लागतो, कारण नाहीतर ‘जुनं’ म्हणजे काय ते हवेत राहतं. कविता १८९३ची. त्याआधी १८८८मध्ये आगरकरांचं ‘सुधारक’ हे पत्र सुरू झालेलं, १८९१चा संमतिवयाचा (मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारा) कायदा आणि त्यावरचं रण ताजं. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, तेव्हा जेमतेम २६-२७ वर्षांचे होते. एवढं दोन मिनिटांत होतं. मग लेखन: जाळायचं किंवा पुरायचं असं ‘जुनं’ काय? मोकळं सोडलं तर सगळे भ्रष्टाचार आणि प्रदूषण लिहितात. अट घाला: गोष्ट आपल्या घरातली, गल्लीतली किंवा शाळेतलीच हवी आणि बोट दाखवता येईल अशी हवी. शिवाय त्यातलं काय जाळू नये, हेही एका वाक्यात.

खानदेशी

मोजणीची पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः त्या साच्यात लिहिणं. त्यासाठी बहिणाबाई चौधरींइतकं सोपं दार दुसरं नाही.

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

प्रत्येक चरण आठ अक्षरांचा. पहिल्या आणि तिसऱ्या चरणाची बांधणी बघा: दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी शब्द दोनदा. ‘अरे संसार संसार’ही तसंच. हा साचा मुलांना आयता द्या. ‘बस थांबते थांबते’ झालं की ओळ तयार. पुढच्या चरणात डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी, मत नको: ‘माझा हात खिडकीत’. दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचं यमक जुळवायचं. चार चरणांना दहा मिनिटं पुरतात.

फसतं ते यमकाच्या नादात. मुलं आधी यमकाचा शब्द पकडतात आणि ओळ त्याच्यामागे फरफटते. म्हणून पहिल्या फेरीत यमक माफ करा, फक्त आठ अक्षरं आणि एक चित्र. दुसऱ्या फेरीत यमक.

आणि कृपा करून वर्गात या कवितांची भाषा ‘शुद्ध’ करू नका. ‘चुल्ह्यावर’चं ‘चुलीवर’ केलं तरी अक्षरं चारच राहतात, म्हणजे साचा मोडत नाही, पण बाईचं बोलणं जातं. ज्या मुलांच्या घरी अहिराणी, लेवा, वऱ्हाडी, मालवणी बोलतात, त्यांना स्वतःच्या बोलीत चार चरण लिहायला आवर्जून सांगा. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलं इथे सुटतात.

शाळामराठी

पट्ट्यांची आणि रिकाम्या जागेची कल्पना लगेच वापरता येईल. तीन शंका आहेत. एक, ध्वनिमुद्रण केव्हा लावावं? ‘वृक्षवल्ली’ लता मंगेशकरांच्या आवाजात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. दोन, अभंगाचं रॅप करूया अशी मुलांची मागणी असते, ते करू द्यावं का? तीन, शेवटी परीक्षा आहेच. यातून रसग्रहण कसं सुधारणार?

ओवीवाचक

ध्वनिमुद्रण शेवटी. श्रीनिवास खळे यांची चाल इतकी पक्की बसलेली आहे की ती आधी लावली तर मुलं चाल गुणगुणतात आणि शब्द त्याखाली दडतात. सहा-सहा-सहा-चार कुणालाच ऐकू येत नाही. साचा कळल्यावर लावा आणि ऐकताना काम द्या: गायिका कोणतं अक्षर लांबवते, कोणता चरण परत घेते, तोच का? मग ऐकणंही वाचनच होतं.

रॅपला हरकत नाही, फक्त एका अटीवर: शब्द बदलायचे नाहीत आणि चौथा, चार अक्षरांचा चरण गाळायचा नाही. त्या छोट्या चरणापाशी थांबावंच लागतं, आणि चारचारच्या ठेक्यात तीच जागा अडते. ती कशी भरायची हा मुलांचा प्रश्न. उत्तर शोधताना ती ओळ पंधरा वेळा म्हणतात.

रसग्रहण_तपासनीस

परीक्षेबद्दल. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य हे तीन मुद्दे ठरलेले आहेत, आणि त्यामुळेच मुलं तीन ठरलेली वाक्यं पाठ करतात. यावर एक चाळणी आहे. मुलाने वाक्य लिहिलं की त्याला विचारायचं: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चालेल का? चालत असेल तर खोडायचं. ‘भाषा साधी व ओघवती आहे’ लगेच जातं. ‘अंतर्मुख करणारी कविता’ही जातं.

उरलेल्या जागी काय लिहायचं, तेही दाखवावं लागतं. नुसतं खोडून मूल पुढे जात नाही. वाक्यात कवितेतला एक शब्द अवतरणात, आणि त्या शब्दाने काय साधलं ते. नमुना असा: ‘“आकाश मंडप पृथिवी आसन” या रूपकात छत आणि बैठक दोन्ही निसर्गानेच दिल्यामुळे माणसाने बांधलेल्या घराची गरजच उरत नाही.’ यात अलंकार आला, आशय आला, आणि हे वाक्य दुसऱ्या कवितेवर चिकटवता येत नाही. भाषिक सौंदर्यासाठी ‘पृथिवी’चं तीन अक्षरांचं कारण लिहिलं तर ते पाठांतरातलं नाही हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं.

सरावाची सोपी रीत: मुलांनी पाच ओळी लिहायच्या, कवीचं आणि कवितेचं नाव न घालता. वही शेजाऱ्याला द्यायची. कविता कोणती ते त्याला ओळखता आलं पाहिजे. आलं नाही तर लिखाणात कविता नाहीच. दहा मिनिटांत होतं आणि तपासायचं ओझं तुमच्यावर पडत नाही. फक्त अवतरणात पूर्ण ओळ लिहू देऊ नका, एक-दोन शब्दच. नाहीतर ओळखणं फुकट होतं.

पाठांतरही सोडू नका. एक कडवं फळ्यावर लिहा, वर्गाने म्हणायचं, दोन शब्द पुसायचे, पुन्हा म्हणायचं, पुन्हा दोन. फळा कोरा होईपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. आधी यमकाचे शब्द पुसू नका, ते आधार असतात. सुरुवात मधल्या शब्दांपासून करा.

शाळामराठी

सगळ्यांचे आभार, येत्या आठवड्यात ‘वृक्षवल्ली’ने सुरुवात करतो. ५५ मुलांत ११ गट होतील. मागच्या बाकांवर गोंधळ होऊ नये म्हणून काही?

ओवीवाचक

बाक हलवू नका, त्यातच पाच मिनिटं जातात. पुढच्या बाकावरची मुलं मागे वळली की गट झाला. गटातल्या प्रत्येकाच्या हातात किमान दोन पट्ट्या असाव्यात आणि ज्याची पट्टी त्यानेच ती ठेवायची, असा नियम करा. नाहीतर एक हुशार मूल सगळं लावून टाकतं आणि बाकीचे बघत बसतात. जुळवून झालं की गटाने ते कडवं उभं राहून एकदा म्हणायचं, मगच उत्तर तपासायचं. चुकीची जुळणी म्हणताना जिभेलाच खटकते.

पट्ट्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि मागच्या बाजूला संचाचा क्रमांक घाला, कडव्याचा नको. तास संपायच्या दोन मिनिटं आधी प्रत्येक पाकिटात १२ मोजून परत घ्या. एक चरण हरवला तर पुढच्या तुकडीला तो संच वापरता येत नाही.